दर्या, दऱ्या आणि ब्रसेल्स

गुरुवार, 30 जानेवारी 2025

विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. वीसेक मिनिटांत ब्रसेल्स सेंट्रल. तेवढ्यातही गोंधळ झालाच. फलकावर ‘मिडी’, घोषणेत ‘झाउट’, आणि मी समजले दोन स्टेशनं. एकच आहे. फ्रेंच नाव एक, डच नाव दुसरं. गल्लीबोळांनाही तसंच. पत्ता शोधताना दोन्ही नावं लिहून घ्यावीत.

ऑफिसातली धाकटी मैत्रीण पुढच्या वर्षी यायचं म्हणते आहे. निघताना म्हणाली, “ताई, काय काय लागतं ते लिहून ठेवा हां.” म्हणून ही वही. तिच्यासाठी पहिलं: फॉसडेमला नावनोंदणी नाही, तिकीट नाही, गळ्यात लटकवायचं कार्ड नाही. 2000 साली सुरू झाली तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची ही जत्रा फुकट आहे. ऐकायला छान, पण व्हिसाच्या अर्जाला जोडायला पावतीसुद्धा नसते! मी कार्यक्रमाचं पान छापून जोडलं आणि कशासाठी जाते ते एका साध्या पत्रात लिहिलं. 30,000 युरोंचा प्रवासविमा मात्र लागतोच.

शुक्रवार, 31 जानेवारी

आज फक्त रस्ता पाठ केला. सेंट्रलहून 71 नंबरची बस थेट, जत्रा भरते त्या विद्यापीठाच्या सोलबोश आवारापाशी सोडते. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवलं की तिकीट झालं, सुट्टे पैसे नकोत. आदल्या दिवशी एकदा जाऊन यावंच, कारण इथे सकाळी उशिरापर्यंत अंधार असतो, आणि अंधारात एच, के, यू, ए. डब्ल्यू. अशी अक्षरं लावलेल्या इमारती शोधत फिरणं म्हणजे लग्नाच्या गर्दीत चपला शोधणं.

संध्याकाळी बिअर पिणाऱ्यांचा मेळावा होता. मी झोपले. आपले साडेचार तास पुढे आहेत, शरीर पुण्याच्याच घड्याळावर चालतं.

शनिवार, 1 फेब्रुवारी

उद्घाटन यान्सोन सभागृहात साडेनऊला. सुमारे चौदाशे खुर्च्या, तरी लोक पायऱ्यांवर. त्यानंतर मी नवख्या माणसाची चूक केली. रात्री जागून आखलेलं वेळापत्रक घेऊन निघाले. या इमारतीत अर्धा तास, त्या इमारतीत अर्धा तास. दुसऱ्या खोलीच्या दारावर ‘फुल’ असा कागद. तिसरीच्याही. आतला एक जण बाहेर आला तर बाहेरचा एक आत. बारा वाजेपर्यंत मी एकच भाषण ऐकलं होतं, तेही शेवटची दहा मिनिटं.

मग शहाणपण आलं. एका विषयाची खोली धरायची, सकाळीच आत शिरायचं आणि बूड हलवायचं नाही. बाकीची भाषणं ध्वनिचित्रित होतात, घरी बसून पाहता येतात. खोल्यांत माणसांमुळे घाम फुटतो आणि बाहेर गारठा, तेव्हा एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा एकावर एक स्वेटर बरे.

आज माघी गणेश जयंती. घरून तिळाच्या मोदकांचा फोटो आला आणि भूक खवळली. आवारातल्या गाडीपुढे बटाट्याच्या कापांसाठी रांगेत उभी राहिले. पुढच्या माणसाला सहज विचारलं, कशात तळतात हो? म्हणाला, इथली जुनी रीत म्हणजे गोमांसाची चरबी, दोनदा तळायचे, म्हणून तर कुरकुरीत. मी रांग सोडली. आजच्या दिवशी तर नकोच. डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी पायऱ्यांवर बसून खाल्ली. मैत्रिणीला सांगायचं: डबा न्यायचा, आणि शाकाहारी असलीस तर ‘बटाटाच तर आहे’ असं समजायचं नाही.

इथल्या मुख्य वायफायवर फक्त आयपीव्ही सहा, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, चालते. मोबाइल मुकाट चालला, लॅपटॉपवरचं ऑफिसचं व्हीपीएन रुसलं. जुन्या पद्धतीवाल्यांसाठी वेगळं नेटवर्क आहे, त्याचं नाव ‘एन्शंट’, म्हणजे पुरातन! तिथे मला आश्रय मिळाला.

रविवार, 2 फेब्रुवारी

आज वेळापत्रक हॉटेलातच ठेवलं.

के इमारतीत प्रकल्पांची टेबलं मांडलेली असतात. लोक स्टिकर उचलतात आणि पुढे जातात. कालपर्यंत मीही तेच केलं, कारण समोरच्याशी काय बोलायचं हा प्रश्न. ‘मी पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे’ म्हटलं की तो हसतो, आपण हसतो, संपलं. आज मात्र एक प्रश्न घेऊन गेले. अक्षररचनेचं काम करणाऱ्या एका टेबलावर कागद मागितला आणि दोन शब्द लिहिले: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. एकात रफार डोक्यावर, दुसऱ्यात र आडवा, पापणीसारखा. आता हा आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने लिहिलेल्या दऱ्या दुसऱ्या पद्धतीने शोधल्या तर सापडतीलच असं नाही. आमच्या कोशाच्या कामात या एका र ने मला दोन महिने छळलंय.

टेबलामागचा दाढीवाला खाली वाकून कागद बघत राहिला. मग खुर्ची ओढून मला बसवलं. शेजारच्या टेबलावरची एक बाई आली, ती नेपाळीसाठी काम करते. नेपाळीतही हा र आहे, हे ती सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. तिचीही तीच रड. दोन तास गेले. तीन भाषणं बुडाली, त्यांची मला आता नावंही आठवत नाहीत.

निघताना डब्यातले उरलेले तिळाचे लाडू पुढे केले. तिने दोन घेतले. दाढीवाला हात पुढे करता करता थांबला आणि अगदी नम्रपणे विचारलं, यात प्राण्यापासून आलेलं काही नाही ना? तो व्हीगन. मी काल त्या रांगेत विचारलं होतं, अगदी त्याच सुरात. म्हटलं, तीळ, गूळ आणि… चमचाभर साजूक तूप. त्याने हात मागे घेतला.

तो लाडू मी बसमध्ये खाल्ला.