पाचोळ्याची माती

उत्तरेच्या खिडकीत ऊन जेमतेम डोकावतं. मुलुंडच्या आमच्या घरी तिथल्या ग्रिलमध्ये तुळस रुसते, मोगरा कळी धरत नाही. बर्ड्स नेस्ट फर्न मात्र बारा महिने हिरवागार. त्याचं एखादं जुनं पान पिवळं पडेपर्यंत नवं उलगडलेलं असतं.

हा नेचा असला तरी त्याचं पान कातरलेलं नसतं. अखंड, हातभर लांब, तुकतुकीत. कडेला लाटा, मधून काळपट शीर. सगळी पानं एकाच ठिकाणाहून निघून वर उघडतात आणि मधे खोल द्रोण तयार होतो. जून पान उलटून पाहावं. मधल्या शिरेपासून कडेकडे तपकिरी रेघा तिरक्या गेलेल्या असतात. हात फिरवला की बोटाला पूड लागते. ना फूल, ना फळ, ना बी. सारा वंश या पुडीतल्या बीजाणूंवर चालतो.

रानात हा जमिनीवर क्वचितच उतरतो. उंच झाडाच्या फांदीवर बसतो आणि वरून गळणारी पानं द्रोणात झेलतो. ती कुजतात, त्यांची माती होते, मुळांचा गुंता पाणी धरून ठेवतो. बोर्निओच्या जंगलात असा एकेक नेचा 200 किलोपर्यंत भरतो. अशा एका मोठ्या नेच्यात झाडाच्या उरलेल्या सगळ्या शेंड्याइतकी किड्यांची वस्ती असते, असं 2004 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

पानं झेलून माती करायची हीच विद्या आपल्या बाशिंग नेच्याला येते. पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मान वर करून त्याला शोधावं. खोडाला बिलगलेली त्याची रुंद पानं वाळून तपकिरी होतात, तरी गळत नाहीत. पाचोळा अडवून मुळांना पुरवत राहतात. उन्हाळ्यात वरची हिरवी पानं झडली, तरी ही साठवण शाबूत असते.

म्हणून द्रोणातला पाचोळा काढून कोणी नेचा लख्ख केला की माझा जीव कळवळतो. तो कचरा नव्हे, त्याची शिदोरी आहे. उपनगरात आम्ही माती पिशवीनं विकत आणतो आणि आवारातली गळलेली पानं रोज कचऱ्याच्या गाडीत भरतो. ती पानं कुंड्यांकडे वळली पाहिजेत. माती करायची रीत हा नेचा रोज खिडकीत दाखवतोच आहे. ती आपण उचलायला हवी.