सैंधवाचा धडा

पस्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. शब्दाचा अर्थ कसा ठरवावा हें सांगतांना एक जुनें उदाहरण मी दरवर्षीं देत असें. धनी म्हणतो, "सैंधव आण." सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. धनी पानावर बसला असेल तर मीठ आणावें. प्रवासास निघाला असेल तर घोडा. नुसतें शब्दाचें रूप पाहून जो धांवेल, तो जेवणाऱ्यापुढें घोडा उभा करील, असें म्हणतांच वर्गांत हंशा पिके. हाच धडा वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं मला स्वतःला गिरवावा लागेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

धाकट्या बंधूंची कन्या वास्तुरचनेचा अभ्यास करते. नकाशे काढण्यासाठीं तिला संगणक हवा होता. सुटे भाग आणून घरींच जोडला, तर त्याच पैशांत अधिक चांगला होतो, असें तिचें म्हणणें. निवृत्तिवेतनांतून बाजूस ठेवलेली रक्कम मीं पुढें केली; आणि पैसा माझा म्हणून निवडही माझी, असा हट्ट धरला. ती म्हणाली, "भाऊकाका, मदरबोर्डाचें नि प्रोसेसरचें जुळतें कीं नाहीं, तेवढें आधीं नीट पाहूं या." मीं उत्तर दिलें, "तेवढें वाचतां येतें मला!"

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सर्व भाग जिला जोडतात ती पाटी, आणि प्रोसेसर हा तिच्यावरचा मुख्य कारभारी. या कारभाऱ्याच्या बैठकीस सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटांत बसणाऱ्या प्रोसेसरला खालीं १३३१ बारीक पिना असतात. मीं मदरबोर्ड घेतला बी४५० जातीचा आणि प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. दोन्ही एएम४ चेच. आणखी काय पाहावयाचें?

रविवारीं सर्व मंडळी भोंवतीं जमली. पुतणीनें प्रोसेसर हलक्या हातानें बसविला, बाकीचे भाग जोडले आणि बटण दाबलें. पंखे फिरूं लागले. पडदा मात्र काळा तो काळाच. तीन वेळां सगळें उकलून पुन्हां जोडलें, तरी तेंच. माझा संयम सुटला. "बसवितांना तूं एखादी पिन वांकविली असशील. घाई, दुसरें काय!" पोर कांहीं बोलली नाहीं. तिनें प्रोसेसर काढून दिव्याखालीं धरला. एकही पिन वांकलेली नव्हती. तरी मी थांबलों नाहीं. "मग दुकानदारानें फसविलें," असें म्हणून मोकळा झालों.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघें दुकानांत गेलों. दुकानदारानें शांतपणें सर्व ऐकलें आणि मदरबोर्डाच्या कंपनीची यादी उघडून दाखविली. बी४५० जातीचे मदरबोर्ड २०१८ सालीं निघाले. माझा प्रोसेसर २०२१ सालचा. मदरबोर्डांत बायोस नांवाची एक मूळ आज्ञावली असते. ती जुनी असेल, तर मागाहून जन्मलेल्या प्रोसेसरला ती ओळखतच नाहीं. कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो, हें त्या यादींत ओळीनें दिलेलें होतें. मीं ती पाहिलीच नव्हती. त्यानें २०१८ सालचा एक जुना प्रोसेसर तात्पुरता बसवून बायोस नवें केलें, मग आमचा बसविला. पडदा उजळला.

इंटेलच्या बाबतींत घडलेलें तर याहून चमत्कारिक आहे, असें त्यानें सांगितलें. २०१५ सालच्या सहाव्या आणि २०१७ सालच्या आठव्या पिढीच्या त्यांच्या घरगुती प्रोसेसरांना संपर्कबिंदू सारखेच, ११५१. परंतु आठव्या पिढीला कंपनीनें ३०० मालिकेचे नवे मदरबोर्ड नेमून दिले. जुन्या १०० आणि २०० मालिकांसाठीं बायोसचा उतारासुद्धां दिला नाहीं. रूप तेंच, अर्थ निराळा! म्हणून सॉकेट पाहावें, मग यादींत प्रोसेसरचें पूर्ण नांव पाहावें, मग बायोसची आवृत्ति पाहावी, आणि शेवटीं मेमरीची जात पाहावी. एएम४ ला डीडीआर४ लागते, तर २०२२ सालीं आलेल्या एएम५ ला डीडीआर५.

परततांना रिक्षांत मीं पुतणीला म्हटलें, "चूक माझी होती. काल सर्वांदेखत बोललों, तें आज सर्वांदेखत परत घेईन." रात्रीं पंगतींत तसें केलें. बोलतांना मनांत आलें, ज्यांची वही नीट न पाहतांच मीं ज्यांना उभें केलें, असे किती विद्यार्थी या पस्तीस वर्षांत होऊन गेले असतील! त्यांच्यापुढें हें बोलण्याची संधि आतां कोठून मिळणार?

कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतणी वाढावयास होती. माझ्या पानाशीं वांकून तिनें डाव्या बाजूस चिमूटभर मीठ वाढलें आणि हळूच म्हणाली, "भाऊकाका, सैंधव."