अजिंठ्याच्या भिंतीवरच्या गोष्टी

गेल्या हिवाळ्यात वस्तीतील पाच कुटुंबे मिळून आम्ही अजिंठ्याला गेलो. एस.टी.ने फर्दापूर, तेथून दुसऱ्या बसने लेण्यांपर्यंत. पायऱ्या चढताना म्हाताऱ्यांना दम लागला, पण मागे कुणी राहिले नाही.

१७ क्रमांकाचे लेणे ५ व्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. त्याच्या भिंतींवर जातककथा रंगविल्या आहेत. पाली संग्रहात अशा ५४७ कथा आहेत. त्यांतल्या कित्येक मुळात लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टी. धम्म समजावण्यासाठी भिक्खूंनी त्या जवळ केल्या.

आमच्यातला एक तरुण म्हणाला, "काका, आपण चमत्कार मानीत नाही. मग बोलणारे माकड कसे मानायचे?"

प्रश्न रास्त होता. आम्ही महाकपी जातक सांगितले. राजाचे तिरंदाज आंब्याच्या झाडाला वेढा घालतात. वानरांचा नायक गंगेपलीकडे उडी मारतो, वेत तोडतो आणि एक टोक कमरेला बांधून परत झेपावतो. पण हिशेब चुकतो! कमरेला गुंडाळलेला भाग त्याने मोजलेलाच नसतो. वेत अपुरा पडतो. तेव्हा तो फांदी धरून स्वतःच्या पाठीचा पूल करतो. सारे वानर पार होतात, नायक मात्र प्राणास मुकतो. आम्ही जन्मभर कचेरीत हिशेब लिहिले. तूट स्वतःच्या अंगाने भरून देणारा पुढारी विरळाच पाहिला. माकड बोलले की नाही, हा मुद्दाच नाही.

पुढे विश्वंतर जातकाची चित्रे होती. हा दानशूर राजपुत्र आपली दोन्ही लेकरेसुद्धा मागणाऱ्याला देऊन टाकतो. धुणीभांडी करून मुले शिकविणारी एक भगिनी पटकन बोलली, "पोरांना विचारलं होतं का?"

आम्ही क्षणभर गप्प झालो. पण पाली कथेतही ती लेकरे भिऊन तळ्यात लपतात, नेताना रडतात. म्हणजे सांगणाऱ्यालाही हा प्रश्न टोचला असला पाहिजे. दान मोठे खरे, पण दुसऱ्याच्या जिवाचे दान आम्हाला पटले नाही, आणि तसे आम्ही मुलांसमोर स्पष्ट सांगितले.

बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा शिकविली. गोष्ट डोळे मिटून मानू नये, तशी खोटी म्हणून फेकूही नये. त्याग कोणी केला, सोसले कोणी, भले कोणाचे झाले, एवढे मुलांना विचारावे.

परतीच्या बसमध्ये तोच तरुण लहानग्यांना महाकपीची गोष्ट सांगत होता.