तीर्थस्वरूप पद्मिनीबाईंस

तीर्थस्वरूप पद्मिनीबाई यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमच्या गोतावळ्यातली बातमी मात्र चांगली नाही. मुंबईत नोंदली गेलेली तुमची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तुम्ही टॅक्सी म्हणून या शहरात धावू शकत नाही. व्हीटी स्टेशनाबाहेर डोक्यावर कॅरिअर, डिकीत सीएनजीचा बाटला आणि मागच्या काचेवर गावाचं नाव अशा थाटात तुम्ही रांगेत उभ्या असायच्या. ती रांग आता दुसऱ्याच गाड्यांची आहे.

प्रीमियर पद्मिनी हे तुमचं कागदोपत्री नाव. आमच्या घरात तुम्ही शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिलात. तुमचं कूळ मला बाबांनी सांगितलं होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या, मग इटलीच्या फियाटच्या गाड्या आल्या. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. इटलीत तुमचं हे रूप साठच्या दशकातच बंद झालं. कुर्ल्यात मात्र शतक संपेपर्यंत तुम्ही बाहेर पडत होतात, पेट्रोलचं तेच १०८९ सीसीचं इंजिन घेऊन. बाजारात बराच काळ फारशी स्पर्धा नव्हती, म्हणून हे चाललं. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे आणि मिळेल तो रंग मुकाट्यानं घ्यायचे. पण त्यातून कोणी न योजलेला एक लाभ आमच्या पदरात पडला. गावोगावच्या मिस्त्रींना तुम्ही तोंडपाठ झालात. सावंतवाडीत बिघडलात तर सावंतवाडीतच दुरुस्त व्हायचात.

आता गाऱ्हाणी. ती लिहिली नाहीत तर पत्र खोटं होईल. मे महिन्यात घाट आला की तुम्ही हमखास तापायचात. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल गेली की भर चौकात बसकण मारायचात. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की थोडा वेळ ते लागायचेच नाहीत आणि बाबा हलका पाय दाबून ब्रेक सुकवत चालवायचे. पार्किंग करताना स्टिअरिंग इतकं जड की आईनं गाडी शिकायचा नाद त्यापायीच सोडला. समोरची काच आणि आमची कपाळं यांच्यामध्ये काही म्हणजे काही नव्हतं. पुढच्या सलग सीटवर आई-बाबांच्या मध्ये बसून मी पुण्याला गेले आहे. आज कोणी लहान मुलाला तसं बसवलं, तर मी त्याला गाडी थांबवायला लावीन.

तरी आठवण येते ती त्या घाटाचीच. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधीची गोष्ट. खोपोली सुटली की बाबा गप्पा बंद करायला सांगायचे, इंजिनाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. शिंग्रोबाच्या देवळापाशी आई खिडकीतून नाणं टाकायची. पुढच्या एखाद्या वळणावर तुम्ही दोन आचके द्यायचात आणि गप्प. बाबा घाबरत नसत. हँडब्रेक ओढायचा, चाकामागे दगड लावायचा, बोनेट वर. तुमचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटवलेला. इंजिन फार तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही पंपाला ओढवत नाही. बाबा जुन्या धोतराचा तुकडा पाण्यात भिजवून पंपाभोवती गुंडाळायचे. ‘वाफेचं परत पेट्रोल होऊ दे, मग निघू,’ म्हणायचे. आम्ही कठड्याशी बसून डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खायचो. फडकं सुकलं की पुन्हा भिजवायचं. थोड्या वेळानं बाबा चोक न ओढता चावी फिरवायचे, तुम्ही दोनदा खोकून चालू व्हायचात आणि आम्ही खंडाळ्याकडे लागायचो. द्रव आणि वायू हे मी शाळेत पुढे शिकले. बघितलं होतं ते बोरघाटात.

कॉलेजात गेल्यावर बाबांनी मला पॉइंट साफ करायला शिकवलं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या दोन क्लिपा काढायच्या, टोपी तारांसकट बाजूला ठेवायची, रोटर उचलायचा. खाली धातूच्या दोन इवल्या टिकल्या असतात, इंजिन फिरेल तशा एकमेकींना टेकणाऱ्या आणि सुटणाऱ्या. त्या सुटतात त्या क्षणी कॉइलमध्ये वीज उसळते आणि प्लगला ठिणगी पडते. लाखो वेळा हे झालं की टिकल्या काळवंडतात, त्यांना बारीक खड्डे पडतात. पॉलिश पेपरची पट्टी दुमडून मधून हळू ओढायची, फुंकर मारायची, फिलर गेज घालून फट बघायची, स्क्रू आवळायचा. पेचकस आणि फिलर गेज, एवढीच हत्यारं. हात काळे व्हायचे, नखांत ग्रीस जायचं. मी स्वतः पॉइंट घासून तुम्हाला पहिल्यांदा चालू केलं, त्या दिवशी गाडी माझी झाली. आरसी बुकावर नाव बाबांचंच होतं.

आता माझ्याकडे नवी गाडी आहे. तुमच्यापुढे तिची चहाडी करायची म्हणून हे लिहीत नाही. ती तुमच्याहून चांगली आहे, हे आधी मान्य करते. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तरी तिची चाकं लॉक होत नाहीत; एप्रिल २०१९ पासून एबीएस सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं. त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरसमोर एअरबॅग आली. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि तिच्या मागे उभं राहिलं तरी डोळे चुरचुरत नाहीत. हे कॉम्प्युटरशिवाय होणार नव्हतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर वजनानं साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण सतत सांभाळावं लागतं. धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरनं मोजायचं आणि इंजेक्टरनं क्षणाक्षणाला त्याप्रमाणे पेट्रोल द्यायचं. तुमच्या कार्बोरेटरच्या जेटला ते जमलं नसतं. माझ्या भाचरांना याच शहरात श्वास घ्यायचा आहे. त्यांच्यासाठी तुम्ही बाजूला झालात, ते रास्तच झालं.

माझं दुखणं दुसरं आहे. गेल्या पावसाळ्यात बोनेटखाली उंदीर शिरला आणि त्यानं वायर कुरतडली. डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागले, इंजिन जोर धरेना. कोपऱ्यावरचे मिस्त्री, ज्यांचा हात तुमच्यावरच बसला, त्यांनी टॉर्च मारून अर्ध्या तासात तुटलेली वायर शोधली. मी म्हटलं, जोडा. त्यांनी ती डाग देऊन जोडली, वर नळी चढवली, पट्टीनं बांधून घेतली. दिवे जाईनात. त्यांच्याकडच्या साध्या स्कॅनरला दोषाचा क्रमांक वाचता येत होता. पुढचं काम कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नव्हतं. शेवटी टोइंगवाल्यानं गाडी उचलून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे म्हणाले, वायरिंगचा अख्खा हार्नेस बदलावा लागेल. आकडा पाच अंकी. मी विचारलं, नेमकं काय बिघडलंय? काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनकडे बघितलं. ‘मॅडम, सिस्टिम हार्नेस रिप्लेस दाखवतेय.’ मुलगा नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण मिस्त्रींचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. बिघाड त्यांना सापडला होता, काम त्यांना येत होतं, हात तयार होता. परवानगी तेवढी नव्हती.

बाबांनी लावलेली सवय, म्हणून मी याच्या मागे लागून वाचत गेले. गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन पिळलेल्या तारांवरून आपसांत बोलतात, ती कॅन पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जगापुढे मांडली. तारांची जुडगी कमी व्हावी, हा तिचा एक हेतू. काही बिघडलं की गाडी स्वतःच त्याचा क्रमांक नोंदवून ठेवते आणि स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर लावला की तो वाचता येतो. म्हणजे बघा, तुमचं दुखणं आम्हाला आवाजावरून, वासावरून, थरथरीवरून ओळखावं लागायचं. ही गाडी आपलं दुखणं लेखी देते. त्या पत्राला उत्तर कोणी द्यायचं, एवढं मात्र कंपनीनं स्वतःकडे ठेवलंय. हे कुलूप मला मान्य नाही.

हे एकटीचं रडगाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच: मूळ सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. प्रकरण पुढे कोर्टात गेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्या जोडीला मोटारीही तिच्या कक्षेत घेतल्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून हा हक्क मिळवला. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात यातलं अजून काही पोचलेलं नाही.

म्हणून तुम्हाला, घरातलं वडीलधारं माणूस समजून, एक विनंती. तुमच्या मागून आलेल्यांना आणि त्यांना घडवणाऱ्यांना चार शब्द सांगा. तुमचा धूर आम्हाला परत नको आहे, तुमचे ब्रेकही नकोत. बोनेट उघडणाऱ्या माणसावर तुमचा जो भरवसा होता, तो हवा आहे. वायरिंगचा नकाशा मालकाला मागताक्षणी मिळू दे. दोष वाचायचं आणि दुरुस्तीनंतर तो पुसायचं सॉफ्टवेअर कुठल्याही नोंदणीकृत गॅरेजला परवडेल अशा दरात मिळू दे. एक वायर तुटली तर एक वायर विकत मिळू दे. कंपन्या चोरीची भीती दाखवतात. ठीक आहे, चावीचं आणि एअरबॅगचं कुलूप ठेवा. वायरिंगचा नकाशा बघून कोणी गाडी पळवत नाही. आयटीआयमधून दरवर्षी मोटर मेकॅनिक होऊन मुलं बाहेर पडतात. त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या स्क्रीनवरची ओळ वाचून दाखवायची का? आमच्या मिस्त्रींना वयाच्या साठीत कोणी स्कॅनर शिकवला नाही. ते स्वतःहून शिकले. आणखीही शिकतील. दार उघडं ठेवा.

घरची हकिकत सांगते आणि थांबते. बाबा गेल्यावर आम्ही गाडी विकली नाही. एप्रिल २०२२ मध्ये जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीचे पाच हजार रुपये झाले, ते भरले. ग्रीन टॅक्स भरला, फिटनेसला नेली, पास झाली. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या नंबरानं नोंदवता येते, पण मग तिला रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तुमच्यातल्या थोरल्यांची पन्नाशी झाली. आमच्या गाडीची व्हायची आहे. झाली तरी तो मान मी घेणार नाही. रविवारी ती भाजी आणायला जाते, तशीच जाऊ दे. भाची क्लच सोडायला शिकली आहे. आता पॉइंट शिकवायला घेतले आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपली,
एक फियाटवाली

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली फियाट उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवा. चालू होण्यातली नसली तरी कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, काचा, दारांच्या मुठी त्यांना काढून घेऊ द्या. कारखान्यातून हे भाग आता येत नाहीत, आणि ज्या फियाट अजून रस्त्यावर आहेत त्या अशा काढून ठेवलेल्या भागांवरच चालतात.