चाकातला अबोल गडी

चंदीगडच्या सेक्टर २२ मधून निघून जनमार्गाला लागलं की उत्तरेला मटका चौकापर्यंत रस्ता सरळ जातो. रात्री गर्दी ओसरल्यावर काचा वर करून या रस्त्यानं जावं, गाडी काय म्हणते ते नीट ऐकू येतं. मागच्या पावसाळ्यात आमच्या हॅचबॅकच्या खालून येणारी घरघर मी तिथेच पहिल्यांदा कान देऊन ऐकली. ताशी ४० च्या पुढे काटा गेला की शेजारच्या घरात कोणी जात्यावर दळत बसलंय असं वाटायचं. ६० ला तोच आवाज वरच्या पट्टीत जायचा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, इंजिनाचा सूर खाली आला, घरघर मात्र तशीच चालू. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. हा गुळगुळीत डांबरावर आणि खडबडीत ठिगळावर सारखाच होता.

मग मटका चौक आला. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे गोल चौकात गाडी सतत उजवीकडे वळत राहते आणि तिचं वजन बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकांवर कलतं. चौकात शिरताना गाडी किंचित डावीकडे वळली तेव्हा आवाज जवळजवळ बुडाला. उजवं वळण सुरू झालं आणि जातं भरल्या मुठीनं घास घातल्यासारखं घुमू लागलं. मी तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा तसंच. पुढचं डावं चाक. पुण्यात हीच परीक्षा करायला रिकामं मैदान शोधून गाडी नागमोडी चालवावी लागते. ल कॉर्बुझिएनं आखलेल्या या शहरात रस्त्यानंच ती सोय करून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बरोबर घेऊन एक चक्कर मारली. त्यांनी चौक संपायच्या आत सांगितलं, “बेरिंग बोल रहा है, जी.” आपण मराठीत म्हणतो, बेअरिंग गेलं. आपण थेट मरणाची बातमी देतो. इथले लोक म्हणतात, ते बोलायला लागलंय. मला इथल्यांचं म्हणणं जास्त खरं वाटतं. कारण या गड्याचा सगळा जन्म न बोलण्यात जातो.

लहान गाडीच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर. किलोमीटरला पाचशेहून जास्त फेरे, आणि लाख किलोमीटरला पाच कोटींच्या वर. पुढच्या एकेका चाकावर तीनशे किलोच्या आसपास भार. तो सगळा भार बेअरिंगमधल्या करवंदाएवढ्या काही पोलादी छर्‍यांवर, आणि प्रत्येक छर्रा कडीला टेकतो ती जागा तिळाहून लहान. माझ्या आजोळच्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकत असे. तुंबा आसावर घासायचा, म्हणून वंगण पुन्हा पुन्हा घालावं लागायचं, नाही तर गाडी वेशीपासून कुरकुरत यायची. बेअरिंगमध्ये घासण्याच्या जागी घरंगळणं आलं. बहुतेक आधुनिक गाड्यांत त्याला ग्रीस एकदाच मिळतं, कारखान्यात, आणि दोन्ही बाजूंनी सील लावून तोंड बंद होतं. त्या शिदोरीवर ते आयुष्य काढतं. स्वेन विंगक्विस्ट हा स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कापड गिरणीत काम करणारा अभियंता. यंत्रांची बेअरिंगं सारखी बिघडतात म्हणून त्यानं स्वतःच नवं घडवलं आणि १९०७ मध्ये त्यातून एसकेएफ ही बेअरिंगची कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे.

मेकॅनिक कानावर थांबले नाहीत. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवली. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. बारीक खटका लागला. मग त्यांनी मला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि चाक पुन्हा हलवलं. खटका नाहीसा झाला. ब्रेक दाबला की डिस्क आणि नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो सस्पेन्शनचा भाग, एकमेकांना बांधल्या जातात. तरीही चाक खेळलं असतं तर दोष बॉल जॉइंटकडे गेला असता. शेवटी त्यांनी माझा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. लाटण्याखाली रवा आल्यासारखी किरकिर थेट बोटांत उतरली. उजव्या चाकाच्या स्प्रिंगला हात लावला, तिथे काही नाही.

नकल काढून हायड्रॉलिक प्रेसवर चढवली. दाबानं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर आला तो बेअरिंगच्या आतल्या कडीचा अर्धा भाग अंगावर घेऊनच. हे असं होतंच, आणि म्हणूनच प्रेस करून बसवलेलं बेअरिंग एकदा निघालं की परत वापरायचं नसतं. ती कडी पुलरनं काढली, आणि मी सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून बसलो.

सीलच्या कडेला तांबूस गंज. ग्रीस काळं पडलेलं, चिमटीत धरलं तर खरखरीत. फडक्यानं कडी पुसली. ज्या वाटेवरून छर्रे धावतात ती आरशासारखी असायला हवी. तिच्यावर बोथट खळगे होते, आणि त्यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं. मेकॅनिकांनी पिंजऱ्यासकट छर्रे त्यावर ठेवले. प्रत्येक छर्रा आपापल्या खळग्यात जाऊन बसला.

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. खड्ड्याचा जबर दणका बसला तरी छर्‍यांचे ठसे उमटतात, पण ते भार पेलणाऱ्या एका बाजूला. इथे ठसे कडीवर सगळीकडे होते. म्हणजे चाक थांबलेलं असताना आडव्या दिशेनं घाव बसले होते, हातोड्याचे, आणि तेही छर्‍यांमधून. दीड वर्षापूर्वी एका गॅरेजमध्ये याच चाकाचं बेअरिंग बदललं होतं. तेव्हा मी बाहेर चहा घेत बसलो होतो. जखम घेऊनच ते चाकात शिरलं होतं. पावसाचं पाणी सीलमधून आत आलं हे पुढचं. घरघरीचं बीज पहिल्याच दिवशी पडलं होतं. असा आवाज ऐकूनही गाडी चालवत राहिलं तर बेअरिंग तापतं, खेळ वाढतो, आणि चाक जाम होण्यापर्यंत किंवा निखळण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

नवं बसवताना मी जागचा हललो नाही. नकलचं भोक पुसून स्वच्छ होईपर्यंत पुडकं फोडलं नाही. बेअरिंग नकलमध्ये जाताना दाब फक्त बाहेरच्या कडीवर. मग हब आत घालताना खालून टेकू आतल्या कडीला. जी कडी घट्ट बसायची आहे तिच्यावरच जोर, छर्‍यांवर कधीच नाही. या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएससाठी चुंबकीय पट्टी होती. ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते, उलटी बसली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. बेअरिंग जागी धरणारी सर्क्लिप खाचेत बसली का ते त्यांनी बोट फिरवून पाहिलं. आसाचा नट नवा घेतला आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतका टॉर्क रेंचनं आवळला. तोवर गाडीचं वजन चाकावर येऊ दिलं नाही.

त्या रात्री मटका चौकात तीन फेऱ्या मारल्या. गडी गप्प होता.

बेअरिंग बदलायला गाडी द्याल तेव्हा आधी विचारा, प्रेसवर बसवणार ना? जुनं बेअरिंग परत मागून घ्या आणि पुसून त्याच्या कडीवरची वाट तपासा. आणि नव्या बेअरिंगवर हातोडा उगारलेला दिसला तर तिथेच काम थांबवा, गाडी दुसरीकडे न्या.