बाळाच्या अंथरुणावर बाळच

पलूस,
मार्गशीर्षातला गुरुवार

चि. सौ. मुक्ता हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

बाळाला उताणं ठेवू की पालथं, असं तू फोनवर विचारलंस. सासूबाई म्हणतात उताणं, शेजारच्या काकू म्हणतात दूध ठसक्यात जाईल. घरात चौघीजणी ऐकत असताना फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. पत्र सासूबाईंनाही वाचून दाखव.

उताणंच. रात्री आणि दिवसाच्या डुलकीलाही. उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली, पाठीकडे. त्यामुळे गुळणी आली तरी ती मागे अन्ननलिकेतच उतरते. पालथ्या बाळाचं याच्या उलट होतं. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढ आणि मग ठेव. कुशीवरही नको, लवंडून पालथं व्हायला वेळ लागत नाही.

आणि पालथं घालायचा सल्ला काही आपल्या आज्यांचा नव्हे, तो पुस्तकातून आला. अमेरिकेतल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक जगभर खपलं आणि १९५८ च्या आवृत्तीपासून त्यात तान्ह्या बाळाला पालथं झोपवा असं होतं. धडधाकट बाळं झोपेत अचानक का दगावतात, याचा माग काढताना चूक लक्षात यायला तीसेक वर्षं गेली. १९९१ मध्ये न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये, १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा निघाल्या आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. तेव्हा या बाबतीत सासूबाईंचं ऐक, त्यांना तसं सांगही.

पण मोहरीच्या उशीच्या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस. बारशाला आलेला तो गादीचा सेट मी पाहिला. मऊ गादी, मध्ये खळग्याची उशी, दोन्ही बाजूंना लोड, वर झालरीचं पांघरूण. कुणीतरी हौसेनं दिलाय, कपाटात नीट ठेव. तान्ह्या बाळाला तोंडावरचं कापड बाजूला सारता येत नाही आणि उशीत नाक रुतलं तर मान वळवण्याचं बळ नसतं. अंथरूण सपाट आणि घट्ट हवं, हाताने दाबलं तर खड्डा पडू नये. त्यावर ताणून खोचलेली चादर आणि चादरीवर बाळ, बस्स. डोकं गोल व्हावं म्हणून उशी लागते असं वाटत असेल, तर जागेपणी तू समोर बसून त्याला थोडा वेळ पालथं खेळव आणि झोपवताना मान आज डावीकडे, उद्या उजवीकडे कर. मच्छरदाणी जरूर लाव, फक्त ती सैल होऊन तोंडावर येता कामा नये.

गळ्यातला काळा दोरा आणि ताईत झोपेत काढून ठेव. दृष्ट लागू नये एवढंच असेल, तर पाळण्याच्या बाहेरच्या दांडीला बांध. कुंचीचे बंदही रात्री गळ्याशी नकोत.

साताऱ्याची थंडी मला ठाऊक आहे, म्हणून सासूबाई गोधडीवर गोधडी घालतात हेही समजतं. ऊब हवीच, नवजात बाळ गार पडणं हा आपल्याकडे खरा धोका आहे. पण ती ऊब अंगातल्या कपड्यांनी द्यायची. झबलं, त्यावर स्वेटर, पायात मोजे. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, पोटावर नाहीतर मानेमागे हात लावून बघ. घाम आला असेल तर एक कपडा कमी कर. पोटच गार असेल तर तुझ्या उघड्या छातीशी त्याला धर, वरून शाल घे आणि जागी राहा. तरीही पोट गारच राहिलं किंवा दूध ओढेना, तर वाट न बघता दवाखाना गाठ.

आणि शेगडी. बाजेखाली निखारे, दारं-खिडक्या बंद, ओव्या-शेपाची धुरी, हे मी आरोग्य उपकेंद्रातल्या नोकरीत घरोघर पाहिलं. बंद खोलीतल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग, आणि झोपलेला माणूस त्यातून उठत नाही. शेक घ्यायचाच तर खिडकी उघडी, बाळ दुसऱ्या खोलीत कुणाजवळ तरी आणि शेक संपताच शेगडी अंगणात. रात्री खोलीत एकही निखारा नको. यात मी कुणाचंही ऐकणार नाही.

झोळीचं विचारलंस. आत्ता आमच्याकडे गळीत हंगाम आहे. पलूस, वाळव्यापासून कराडपर्यंत बीडकडच्या टोळ्या उतरल्यात. पहाटे कोयते चालू होतात, तेव्हा त्यांची तान्ही बाळं बांधावरच्या बाभळीला लुगड्याच्या झोळीत असतात. खाली पाचट, मुंग्या, साप, कराडच्या बाजूला उसात बिबटे. तिथे त्या आईला झोळी सोड म्हणणं अन्याय आहे. तिला फडाजवळ पाळणाघर आणि ते चालवायला पगारी बाई हवी. हे काम कारखान्यांचं आणि सरकारचं आहे, आणि ते नाही म्हणून सात-आठ वर्षांची बहीण शाळा सोडून झोळी हलवत बसते. उपकेंद्रात असताना मी फडावर जायची तेव्हा एवढंच दाखवायची: झोळीत बाळाचं तोंड उघडं दिसलं पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, मध्ये एक बोट शिरलं पाहिजे. मान दुमडली की श्वास कोंडतो. तुझ्या डोक्यावर छप्पर आहे, खाली कोरडी फरशी आहे. तू रात्रीची झोळी वापरायचं काही कारण नाही.

बाळाला वेगळ्या खोलीत मात्र ठेवू नकोस. निदान सहा महिने ते तुझ्याच खोलीत, तुझ्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणावर असू दे. जवळ असलं की पाजणंही सोपं. सोफ्यावर बसून पाजू नकोस, तिथे डोळा लागणं सगळ्यात वाईट. रात्री फारच पेंगत असशील तर खाली गादीवर, उशा-पांघरुणं बाजूला सारून पाज आणि जाग आली की त्याला त्याच्या जागी ठेव. जावईबापूंना सांग, सिगारेट घरात नको, गॅलरीतही नको.

आशाताई येऊन जातात ना? तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांनी घरी यायचं असतं. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली आणि २०११ पासून ती देशभर आली. आशाताईंच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. त्या आल्या की चहावर बोळवू नकोस, बाळाचं अंथरूण दाखव आणि वजन लिहून घे.

दुपटी आठ शिवलीत, जुन्या मऊ सुती साड्यांची. शनिवारी तुझा मामा साताऱ्याला येतोय, त्याच्याजवळ देते. वजन किती भरलं ते कळव.

तुझी,
मावशी