नीलीराग

माणसांप्रमाणे रंगांच्याही कपाळी काही लिहिलेले असते, असे मला नेहमी वाटते. आपल्याकडचे एखादे लग्न आठवून पाहा. हळद पिवळी, अष्टपुत्री पिवळी, कुंकू लाल, चुडा हिरवा, शालू हिरवा नाहीतर लाल, अंतरपाट पांढरा आणि मंगळसूत्राचे मणी काळे. काळ्याला अशुभ म्हणणारी आपण माणसे. पण त्यालाही आपण गळ्यातली जागा दिली. निळ्याची मात्र कुणाला आठवण झाली नाही. भाषेतही त्याची स्थिती फारशी बरी नाही. मार बसला, की अंग काळेनिळे होते. विष भिनले, की कंठ निळा होतो. संतांनी विठोबाला ‘घननीळ’ म्हटले म्हणून बिचाऱ्याची थोडी अब्रू राहिली. पण देवाच्या अंगाला शोभणारा रंग माणसाच्या मंगलकार्याला का शोभू नये?

याचे मूळ शोधायला गेले, की आपण थेट शास्त्रांपाशी येऊन पोचतो. संकटकाळी व्यापार करण्याची पाळी आलेल्या ब्राह्मणाने काय काय विकू नये, याची लांबलचक यादी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. तीत मद्य आणि लाख यांच्या पंगतीला नीळ बसवली आहे. निळीत रंगवलेले वस्त्र अंगावर घेणे हाही काही स्मृतींनी दोष मानला. नीळ काढायची तर झाडाचा पाला पाण्यात कुजवावा लागतो आणि त्याला उग्र दर्प येतो. सोवळ्या नाकांना तो मानवला नसावा. पण लुगड्यांना तर रंग हवाच होता! मग महाराष्ट्रात निळीचे काम करणारी एक वेगळी जातच झाली. तिचे नाव निराळी. अहमदनगर, सोलापूर या भागांत हे लोक सूत निळीत बुडवून रंगवीत. ‘निळारी’चा ‘निराळी’ झाला आणि नीळ हाताळणारा माणूस नावानेच इतरांहून निराळा ठरला. भाषा कधी कधी असा नकळत खरे बोलून जाते.

पुढे काळाने या गोष्टीचे उट्टे काढले. ज्या रंगाला शास्त्रांनी दाराबाहेर उभे केले, तोच रंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने झेंड्यावर चढवला. दर वर्षी १४ एप्रिलला गल्लोगल्ली ते झेंडे लागतात, तेव्हा ती जुनी यादी मला हटकून आठवते. याद्या करणारे गेले, रंग राहिला.

राहणे हाच तर या रंगाचा धर्म! पंचतंत्रातला चंडरव कोल्हा रंगाऱ्याच्या निळीच्या भांड्यात पडला. त्याचा रंग काही गेला नाही. कोल्हेकुई ऐकल्यावर न राहवून तो ओरडला, म्हणून फसला. निळीचे नावही तिच्या रंगाइतकेच चिवट. आपल्या ‘नील’चे अरबांनी ‘अन्-नील’ केले आणि पोर्तुगिजांनी त्याचे ‘अनिल’ केले. १८४० च्या सुमारास एका रसायनशास्त्रज्ञाने निळीपासून एक द्रव्य वेगळे काढले, त्याचे नाव त्याने यावरूनच ‘ॲनिलीन’ ठेवले. ‘इंडिगो’ या शब्दाचा मूळ अर्थ तर ‘हिंदुस्थानातली वस्तू’ एवढाच. आणि परदेशात कामकरी माणसे ज्या जाड्याभरड्या कापडाला ‘डंगरी’ म्हणत, ते नाव आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेले आहे. वर्गात हे सांगितले, की मुले आधी हसतात आणि मग आपल्या जीन्सकडे जरा आदराने पाहतात.

पण या रंगाचा सारा इतिहास असा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बंगालमध्ये गोऱ्या मळेवाल्यांनी रयतेला आगाऊ रकमेच्या फासात अडकवून भाताच्या जमिनीत नीळ पेरायला लावली. १८५९ मध्ये रयत उठली. दीनबंधू मित्रांनी १८६० मध्ये ‘नीलदर्पण’ नाटक लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर छापून आणले म्हणून रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये महिनाभर तुरुंग आणि हजार रुपये दंड झाला. दंडाची ती रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी जागच्या जागी भरली. बिहारात चंपारणला तर दर वीस कठ्ठ्यांतले तीन कठ्ठे निळीला दिलेच पाहिजेत, अशी सक्ती होती. १८९७ मध्ये जर्मनीतला एक कारखाना रसायनांपासून केलेली नीळ बाजारात घेऊन आला आणि झाडाच्या निळीचा भाव कोसळला. आता तरी शेतकरी सुटला असे वाटेल. पण मळेवाल्यांनी ‘तुला निळीतून मोकळे करतो’ म्हणत त्याचा खंड वाढवला आणि आपले नुकसान त्याच्याच मुंडीवर बसवले. १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी मोतीहारीला गेले ते यासाठी. पुढच्याच वर्षी कायद्याने ती सक्ती उठली. नीळ नको असलेल्या माणसाच्या शेतात पिकवली, की ती कपड्याच्या आधी माणसालाच डागते.

आमच्या घरात नीळ यायची ती मात्र चिमुकल्या पुडीतून. ही धुण्याची नीळ निळीच्या झाडाची नव्हे. तिचे नाव तेवढे घेऊन बाजारात आलेली ती एक रासायनिक भुकटी. माझे वडील शाळामास्तर होते आणि पांढऱ्या सदऱ्याखेरीज दुसरा सदरा त्यांना ठाऊक नव्हता. दर रविवारी सकाळी आई बादलीत पाणी घेई, निळीची पुरचुंडी त्यात हलक्या हाताने फिरवी आणि सहा सदरे एकापाठोपाठ बुचकळून काढी. नीळ कमी झाली तर सदरा पिवळट दिसणार, जास्त झाली तर डाग पडणार. हे प्रमाण तिला कुणी शिकवले नव्हते. उन्हात वाळलेले ते सदरे इतके पांढरे दिसत, की त्यांत निळा रंग आहे हे कुणाच्या ध्यानातही येऊ नये. बाबांच्याही आले नसावे. सदरा अंगात घालायचा, गुंड्या लावायच्या आणि शाळेला निघायचे, असा त्यांचा शिरस्ता. चांगला धुतला आहे असे म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. आमटीला नव्हती, सदऱ्याला कुठून असणार?

महाविद्यालयात मी काव्यशास्त्र शिकवते. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त प्रेमाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्या तिन्हींची नावे रंगाऱ्याच्या दुकानातून घेतलेली आहेत. कुसुंभराग करडईच्या फुलांच्या रंगासारखा, दिसायला झगझगीत पण उडून जाणारा. मंजिष्ठाराग मंजिष्ठेच्या तांबड्या रंगासारखा, शोभतोही आणि टिकतोही. तिसरा नीलीराग. हे प्रेम मनातून कधी जात नाही, पण बाहेर फारसे शोभतही नाही. त्याचे उदाहरण म्हणून विश्वनाथाने रामसीतेचे नाव घेतले आहे. सहाशे वर्षांपूर्वीचा हा पंडित रंगाऱ्यांच्या आळीतून डोळे उघडे ठेवून हिंडला असला पाहिजे.

दर वर्षी हा भाग शिकवताना वर्ग जरा जागा होतो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, निळीचा रंग जात नाही म्हणता, मग माझी जीन्स का विटली?” प्रश्न चेष्टेचा होता, पण उत्तर ऐकण्यासारखे आहे. जीन्सचे उभे सूत निळीत घाईघाईने बुडवून काढतात. रंग सुताच्या वरच्या अंगालाच बसतो, गाभा पांढराच राहतो. घासून घासून वरचा थर झिजला, की आतला पांढरा वर येतो. रंग विटला नाही, तो मुळात आतपर्यंत गेलाच नव्हता. वर्गात हशा पिकला. हशा ओसरल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण सीतेला काय मिळालं? प्रेम मनातून गेलं नाही हे रामाला माहीत. तिला कसं कळायचं?”

त्या प्रश्नाला विश्वनाथाकडे उत्तर नाही. माझ्याकडेही त्या तासाला नव्हते.

मध्यंतरी कच्छला जाण्याचा योग आला. भूजजवळ अजरखपूर नावाचे गाव आहे. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या नदीचे पाणी बदलले, त्यात लोह वाढले आणि रंग नीट उतरेनात. तेव्हा तिथल्या खत्री रंगाऱ्यांपैकी अनेकांनी हे नवे गाव वसवले. अजरखच्या कापडावर चुना आणि डिंक यांच्या खळीचे छाप मारतात. छाप असतो तेवढी जागा कोरी राहते आणि बाकीचे निळे होते. जमिनीत पुरलेल्या खोल हौदात नीळ असते. तीत चुना, गूळ आणि टाकळ्याच्या बिया घालून ती आंबवतात. तिथल्या वृद्ध कारागिराने मला सांगितले, की नीळ जिवंत असते, तिला रोज विचारावे लागते. मी हौदात डोकावले. वर तांबूस-जांभळा फेस, आणि फेस बाजूला केला तर खाली निळा रंग औषधालाही नाही! नुसते पिवळट हिरवे पाणी. “नीळ कुठे आहे?” मी विचारले. त्यांनी हसून कापड बुडवले, थोडा वेळ आत ठेवले आणि बाहेर काढले. कापडही पिवळट हिरवेच. मग बघता बघता, वारा लागेल तसतसे ते काठापासून निळे होत गेले. दोन-तीन मिनिटांत सारे कापड निळे.

यात जादू काही नाही. निळीचा कण पाण्यात विरघळत नाही. हौदात त्याचे रूप बदलते, रंग हरवतो, आणि मगच तो विरघळून सुतात शिरू शकतो. बाहेर हवेतला प्राणवायू मिळाला, की तो पुन्हा निळा होतो आणि सुतातच अडकून बसतो. हवा लागल्याखेरीज निळीचा रंग उमटतच नाही, एवढाच याचा अर्थ.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यांत त्यांचे जुने विद्यार्थी होते, शाळेतले सहकारी होते. एक गृहस्थ आईला म्हणाले, “वहिनी, तुमच्या हातच्या आमटीचं सर किती कौतुक करायचे! डबा उघडला, की आधी वास घ्यायचे.” दुसऱ्याने सांगितले, “सरांच्या सदऱ्यावरून आम्ही त्यांना चिडवायचो. ते म्हणायचे, आमच्या घरची लाँड्री पुण्या-मुंबईत मिळायची नाही.” आई मान हलवत सगळ्यांचे ऐकून घेत होती. मंडळी गेल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “अगं, मग हे मला का नाही सांगितलं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. चव्वेचाळीस वर्षे रोज केलेल्या कामाची पावती आज आली होती, आणि ज्यांच्या सहीची ती हवी होती ते सही करायला नव्हते. बाबांचे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? ते अगदी आतपर्यंत गेलेले होते. पण हौदातले कापड शेवटपर्यंत हौदातच राहिले. शाळेतल्या मंडळींना तो निळा रंग दिसला. ज्या बाईने दर रविवारी सदरे निळीतून काढले, तिला मात्र दिसला नाही.

आपल्या आधीच्या पिढीने न बोलण्याला फार मोठे मानले. खऱ्या प्रेमाला शब्द लागत नाहीत, असे आपण अजूनही एकमेकांना ऐकवतो. शब्दांचा कुसुंभी झगमगाट मलाही नको आहे. तो दोन धुण्यांत उतरतो, हे मी जाणते. पण पुढच्या बाकावरच्या त्या मुलीला आता मी उत्तर देऊ शकते. विश्वनाथाने नीलीराग बरोबर ओळखला. तो टिकतो, हे खरेच. पण तो मुळात दिसणारा रंग नाही, असे मात्र नव्हे. अजरखपूरच्या रंगाऱ्याला विचारा. त्याला वाऱ्यावर धरावा लागतो, एवढेच.

आता दिवाळी आली. पाडव्याला घरोघरी ओवाळणी होईल. तबकात कुणी दागिना घालील, कुणी नोटा घालील. त्यांच्या जोडीला यंदा एखादे साधे वाक्य घालायला काय हरकत आहे? आमटी छान झाली आहे, एवढे म्हटले तरी पुष्कळ.